मोबाईलच्या पोटातला काळा पापुद्रा

ईश्वरपुरातल्या (पूर्वीचं इस्लामपूर) मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात फोनचं झाकण उघडलं, की टॅप करून पैसे देण्यासाठी लागणाऱ्या एनएफसीच्या कॉइलखाली काळपट, लवचिक पापुद्रा दिसतो. स्टिकर समजून काढू देऊ नका हं! ती फेराइट शीट. एनएफसी चालतं १३.५६ मेगाहर्ट्झवर, खाली बॅटरीचा धातू आला की त्यात भोवरा-प्रवाह उठतात, सिग्नल मरतो. फेराइट चुंबकीय क्षेत्र धातूपर्यंत जाऊ न देता स्वतःतून वळवतं.

चिपवरची शीट वेगळी: पॉलिमरमध्ये चुंबकीय धातूचे चपटे कण. नको त्या लहरी शोषून त्यांची किंचित उष्णता करते.

मला मात्र भुरळ मॅक्सीन या लहरी अडवणाऱ्या अतिपातळ पदार्थाची! २०१६ मध्ये त्याच्या ४५ मायक्रॉनच्या फिल्मने ९२ डेसिबल अडवले, म्हणजे दीड अब्जातला जेमतेम एक भाग पार. फक्त दमट हवेत ते ऑक्सिडाइझ होतं, आणि आपला पावसाळा तर ठाऊकच आहे.