पलंगाच्या लाकडाचे मूळगाव विचारा

करमाळ्यात निकाह ठरला की पत्रिकेच्या आधी पलंग-कपाटाची चौकशी सुरू होते. गिऱ्हाईक दुकानात शिरते, पलंगावर थाप मारते आणि एकच सवाल करते, "सागवानी आहे ना?" दुकानदार "होय" म्हणतो आणि भाव ठरतो. ते सागवान कुठल्या रानातले, त्याचा कागद आहे की नाही, हे विचारण्याची रीत आमच्याकडे नाही. ती पडावी म्हणून हा लेख. तो गिऱ्हाइकांइतकाच आमच्या सुतार व लाकूड व्यापारी बांधवांसाठी आहे.

करमाळा तालुका काही जंगलाचा मुलूख नव्हे. उजनीच्या पाण्याकाठी ऊस आहे. बाकी माळावर बाभूळ, कडुलिंब, बोर. म्हणजे येथे विकले जाणारे सागवान बहुतेक बाहेरूनच येते. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा माल बल्लारशाहसारख्या सरकारी आगारांत लिलावाने विकला जातो. त्या ओंडक्यांवर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा असतो आणि मालाबरोबर वाहतूक परवाना असतो. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचे सागवानही बंदरावर उतरून बाजारात येते. ते कमी वयाचे असेल तर त्यात पांढरा भाग जास्त निघतो, आणि कीड आधी त्यालाच लागते. "अस्सल बर्मा" म्हणून कोणी ताजे ओंडके दाखवीत असेल तर सावध व्हावे. ब्रह्मदेशाने २०१४ सालीच ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे.

आमच्या मते सर्वांत चांगले सागवान पाडलेल्या जुन्या वाड्यांचे. तुळया, खांब, दारे कित्येक वर्षे वाळलेली असतात, त्यामुळे ती सहसा पिळवटत नाहीत आणि त्यांच्यासाठी नवे झाडही पडत नाही. मात्र रंध्याचे पाते वाचवायचे असेल तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे काढावेत. भोकांतून बारीक भुसा गळत असेल तर कीड अजून जिवंत आहे असे समजावे. वाडामालकाकडून विक्रीची सही-पावती घ्यायला विसरू नये.

पावतीचा एवढा आग्रह का, ते सांगतो. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम ६९ असे आहे की, त्या कायद्याखालील कारवाईत वनोपज सरकारचे की खासगी असा प्रश्न उठला तर, उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानले जाते. म्हणजे शाबीत करण्याचे ओझे आपल्यावर. विनापरवाना माल सापडला तर लाकूड तर जातेच, गाडीही अडकते. स्वस्त मिळाले म्हणून रात्रीतून उतरवून घेतलेल्या चार फळ्यांपायी कारागिराचे भांडवल बुडू शकते. आपल्या शेतातले झाड असले तरी सागवान, आंबा, चिंच, जांभूळ यांसारख्या अनुसूचित झाडांना १९६४ च्या राज्य कायद्यानुसार तोडण्यापूर्वी परवानगी लागते. शहराच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे.

आता ओल्या लाकडाविषयी. हा दोष चोरीच्या मालाइतकाच मोठा आहे, पण त्याला कोणी गुन्हा समजत नाही. ओल्या लाकडाचा पलंग पावसाळ्यात चोख दिसतो आणि उन्हाळ्यात आमच्या सोलापुरी उन्हाने त्याचे सांधे उघडे पडतात. मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहंमद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले, आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले. लाकडाची रास त्याहून वेगळी नाही. ओल तपासायला यंत्रच हवे असे नाही. फळीचा तुकडा वजन करून घरात आठ दिवस ठेवावा आणि पुन्हा वजन करावे. वजन बरेच घटले तर माल कच्चा. फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या देऊन, टोकांना रंग लावून रचल्या तर चिरा कमी पडतात.

सागवानाचाच हट्ट कशाला, हेही विचारले पाहिजे. कडुलिंबाला कीड सहसा लागत नाही. पेटी-कपाटाला तो उत्तम. बाभूळ जड आणि चिवट. बैलगाडीच्या चाकाला पुरली ती पलंगाच्या पायाला का पुरणार नाही? केरळचे रबरी लाकूड चिकाचे उत्पन्न संपलेल्या झाडांचे असते, पण ते औषध दिलेलेच घ्यावे आणि पाण्यापासून दूर ठेवावे. शिसवीच्या जातीवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. परदेशी माल पाठवणाऱ्या कारागिरांना लाकूड कायदेशीर असल्याचे प्रमाणपत्र तेव्हापासून सांभाळावे लागते. जहेजसाठी कर्ज काढून अख्खा संच घेणाऱ्यांना मात्र आम्ही स्पष्ट सांगू: एकच पलंग घ्या, पण वाळलेल्या गाभ्याचा घ्या. (जहेज मागणेच चुकीचे, ते वेगळे.)

बिलावर नुसते "लाकडी पलंग एक" लिहून घेऊ नये. लाकडाची जात, नवे की जुने, माल कोठून आणला, आणि सांधे उघडल्यास किती महिन्यांपर्यंत दुरुस्ती मोफत, एवढे चार शब्द दुकानदाराच्या सहीने घ्यावेत. सुतार बांधवांनी वखारीचे बिल आणि परवान्याची झेरॉक्स त्या-त्या कामाच्या फाईलला टाचून ठेवावी.