वाघर, माळ आणि लांडगा

पहाटे ५
फाल्गुनात इंदापूर-बारामतीकडची ज्वारीची रानं मोकळी झाली की धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरती बिऱ्हाडं, शेतात उतरतात. रात्रभर मेंढरं वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत, शेताच्या एका तुकड्यावर दाटीवाटीनं बसलेली असतात. मेंढका उठतो तो आधी कळपावरून नजर फिरवायला. दोनशे जनावरांत एक तोंड कमी असलं तरी त्याच्या लगेच लक्षात येतं.

सकाळी ७
डालग्याखालची कोकरं बाहेर निघतात आणि एकच गलका होतो. पहिलटकरीण मेंढी कधीकधी पोराला जवळ घेत नाही. मग कारभारीण तिचा मागचा पाय आपल्या गुडघ्याखाली दाबते, दोन बोटांनी सड पिळून दुधाचा थेंब कोकराच्या ओठाला लावते आणि तोंड तिथंच धरून ठेवते. चार-पाच दिवस हे केलं की मेंढी लाथ मारायची थांबते.

तोवर शेतमालक बांधावर येतो. लेंड्या कुठं दाट पडल्या, कुठं विरळ, हे बघतो. ‘‘मालक, आजची रात इथंच. उद्या वाघर वरच्या तुकड्यात लावतो,’’ मेंढका सांगतो. मोबदला रात्रीच्या हिशेबानं, रोख किंवा धान्यात. शेती आणि मेंढपाळी यांचा हा जुना करार कुठल्याही कागदावर नाही.

सकाळी ९
कळप माळावर. कुसळी, पवन्या, मारवेल आता वाळून पिवळी पडलेली. मेंढरांच्या पुढून माळटिटवी ओरडत उडते, धाविक दोन पावलं पळतो नि थबकतो, लांबवर चिंकारा मान वर करतो. हा माळ गेल्या काही वर्षांत झाडं तोडून झालेला नाही. कमी पावसाच्या या पट्ट्यात गवत हेच इथलं जंगल. पण सरकारी नकाशात असा बहुतेक माळ ‘पडीक’ या सदरात जमा. पडीक म्हटलं की जो तो हात घालायला मोकळा. कुणी जेसीबी लावून रान सपाट करतो, शेततळं खोदून डाळिंब लावतो. कुणाला सौर पॅनेल टाकायचे असतात. वनखात्यानं तर जमीन हिरवी करायची म्हणून कित्येक ठिकाणी गिरिपुष्पाची रोपं लावली. गिरिपुष्प वाढलं, गवत सावलीत गेलं, आणि उघड्या माळावर अंडी घालणारे पक्षी तिथून उठले.

चराईनं माळ उजाड होतो, हे मात्र खोटं नाही. पण वाडा दोन-चार रात्रींत पुढं सरकत राहतो तोवर पावसाळ्यात गवताला पुन्हा उभं राहायला उसंत मिळते. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, फळबागांना तारेची कुंपणं आली आणि कळपांच्या जुन्या वाटा बुजल्या. मग तेच चार कळप उरलेल्या एकाच माळावर अडकून पडतात आणि तो मुळासकट खरवडला जातो. दोष मेंढीला देणं सोपं आहे.

दुपारी १
पाणी, भाकरी-ठेचा, बाभळीखाली अंग टाकणं. मेंढरंही एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी.

सायंकाळी ५
आता लांडग्याची वेळ. दख्खनच्या माळावरचा लांडगा बराचसा शेळ्यामेंढ्यांवर जगतो. हिवाळ्यात झालेली पिल्लं या दिवसांत कुठंतरी ओघळीच्या कडेला असतात, त्यांना भरवायचं असतं. देशभरात लांडगे ३,१०० च्या आसपास असल्याचा अंदाज आहे. म्हणजे वाघांपेक्षा कमी. वाघासारखंच कायद्यात अनुसूची एकचं संरक्षण, पण लांडग्यासाठी वाहणारा पैसा कुठं दिसत नाही.

त्याला मेंढक्याच्या काठीहून मोठा धोका भटक्या कुत्र्यांचा. कोंबडीच्या शेडमधली मेलेली पिल्लं उघड्यावर टाकली जातात. तिथं कुत्री पोसतात, लांडगेही येतात. रोग पसरतात, संकर होतो. पुण्याजवळच्या माळावर असा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आहे. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात पुरायला फार खर्च येत नाही.

रात्री ९
वाघर लागली, कुत्री सोडली, दोघांनी आळीपाळीनं जागायचं ठरलं. मेंढी गेलीच तर ४८ तासांत वनखात्याला कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा, मग भरपाई. नियम चांगला आहे. तो घर असलेल्या माणसासाठी लिहिलेला आहे. वाड्याचा पत्ता एका तालुक्यात, मेंढी मेली दुसऱ्यात, आणि कागद पुढं सरकेपर्यंत बिऱ्हाड तिसऱ्यात. म्हणून बरेच जण कळवतच नाहीत.

माणसं न बघता नियम आखणं इथं नवं नाही. शेजारच्या सोलापूर-नगर पट्ट्यात १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. त्यात लोकांची शेतं, गावंच्या गावं आली, शेतकरी निर्बंधांनी कावले. पुढं ते सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माळढोक आज तिथं जवळपास दिसतच नाही. माणसं वगळून आखलेल्या रेघेचं असं होतं.

कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभागानं आता गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. चांगलं झालं, लांडगा बघायला लोक पैसे मोजू लागले. आता तिथल्या नकाशावर वाड्यांच्या वाटा आणि पाणवठे आधी दाखवा, भरपाईचा अर्ज कुठल्याही तालुक्यात घ्या, आणि माळाला ‘पडीक’ म्हणणं सातबाऱ्यापासून बंद करा.