मोठी मादी पाण्यात परत

हिंगणीसारख्या गावात मासोळी म्हटली की डोळ्यापुढे बोर धरणाचं पाणी येतं, आणि धरणाचं पाणी म्हटलं की राहू, कटला, मृगळ. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून विदर्भातल्या धरण-तलावांत बोटुकली आणून सोडावी लागते. 1957 साली कटकला हिरालाल चौधरींनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली आणि मत्स्यबीज हाताने तयार करायची वाट खुली झाली. तेव्हापासून आपल्याकडचा मासा पेरलेल्या पिकासारखा झाला आहे. पिकाचा हिशेब सरळ असतो : लहान असेल तर थांबा, मोठं झालं की काढा. हा हिशेब मनात घेऊन कुणी पहिल्यांदा खाऱ्या पाण्यातल्या माशावर गरी टाकायला गेला, तर त्याची पहिली चूक इथेच होईल. अशा सहलीत गरीपेक्षा नावेतली मोजपट्टी महत्त्वाची असते, आणि ती पट्टी मोठा मासाही परत सोडायला लावते. तिचं म्हणणं बरोबर आहे, असं माझं मत आहे.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या पट्टेरी बास माशाचं उदाहरण घेऊ. अंगावर सात-आठ काळसर रेघा असलेला हा मासा राहतो समुद्रात, पण वसंतात अंडी घालायला हडसनसारख्या किंवा चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत चढतो. त्याच्यासाठी भाड्याने नाव मिळते. लहान नावेत बहुधा सहा प्रवासी, एक कप्तान आणि एक मदतनीस. मासा कुठे आहे हे प्रवाशाला कळत नाही. कप्तान भरती-ओहोटीची वेळ, पाण्यावर झेपावणारे पक्षी आणि तळाच्या उंचवट्यावरून उसळणारा प्रवाह पाहून नाव उभी करतो. आमिष तारलीच्या कुळातल्या माशाचं. 2021पासून आमिषासोबत वळलेल्या टोकाचा गोल गळच वापरावा लागतो, आणि नवख्याचा हात इथे चुकतो. दोरा ताणला की तो हिसका देतो. गोल गळ मात्र हिसक्याने निसटतो. सावकाश दोरा गुंडाळत राहिलं, तर तो फिरून जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मासा गळ गिळत नाही, म्हणून तो सोडल्यावर जगण्याची शक्यता वाढते. म्हणजे सोडण्याची तयारी पकडण्याआधीच, गळाच्या आकारात केलेली असते. मग मोजणी. समुद्रातल्या हौशी मासेमारीसाठी 2023पासूनचा नियम असा : 28 ते 31 इंच, म्हणजे सुमारे 71 ते 79 सेंटिमीटर लांबीचा मासा ठेवायचा, तोही माणशी दिवसाला एक. त्याहून लहान असो की मोठा, पाण्यात परत.

वरची मर्यादा का, याचं उत्तर मादीत आहे. ती वयात यायला चार ते आठ वर्षं घेते आणि मोठी झाल्यावर एका मोसमात लाखो अंडी देते. 1970च्या दशकाअखेर हा मासा इतका घटला की 1984 साली त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. मेरीलँडने 1985 ते 1990 मासेमारी पूर्ण बंद ठेवली. 1995 साली साठा सावरल्याचं जाहीर झालं. कुणी म्हणेल, 2019 साली तो पुन्हा घटल्याचं निघालंच ना, मग नियमांचा उपयोग काय? पण बंदीने मासा परत आला होता, हे त्याच इतिहासात आहे. चेसापीकमध्ये अलीकडे पिल्लं कमी जगताहेत, आणि ते कुठल्याही मोजपट्टीच्या हातात नाही. मात्र चांगलं वर्ष आलं तेव्हा अंडी घालायला माद्याच नसतील, तर ते वर्ष वाया जाईल.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : सोडलेले सगळे मासे जगत नाहीत. तिथल्या साठ्याच्या हिशेबात सोडलेल्यांपैकी 9 टक्के मरतात असं धरतात, आणि पाणी गरम असेल तर मरण वाढतं. म्हणून दिवसभर पकडून सोडत राहणं निर्दोष नाही. हात ओले करून मासा आडवा धरणं, त्याला पाण्याबाहेर फार वेळ न ठेवणं आवश्यक आहेच. पण ठेवायचा मासा मिळाल्यावर गरी आवरून नाव वळवणारा कप्तान मला अधिक जाणता वाटतो.

राहिला आपल्याकडचा प्रश्न. ही पोट भरलेल्यांची हौस आहे, ढिवराच्या चुलीला ती लावू नये, असं कुणी म्हणालं तर ते रास्त आहे. बोटुकलीतून वाढवलेला कटला जितका मोठा, तितका तो काढण्यात गैर काही नाही. पण त्याच पाण्यात मरळही असतो, आणि तो कुणाच्या बोटुकलीची वाट पाहत नाही. तो साठलेल्या पाण्यात, गवताच्या आडोशाला स्वतःच वीण करतो. महाराष्ट्राने 2023 साली समुद्रातल्या 54 जातींसाठी किमान आकार ठरवला. त्याने लहानांना संरक्षण मिळालं, मोठ्या मादीचा विचार व्हायचा आहे. मरळाच्या बाबतीत तर मोजपट्टीचीही गरज नाही. पावसाळ्यात काठाजवळ पाण्यावर पिल्लांचा लालसर थवा एकत्र हलताना दिसतो. त्याच्याखाली राखण करणारी जोडी असते. हवा घ्यायला ती थव्याजवळच वर येते, आणि नेमकी त्याच वेळी सहज सापडते. तिला उचललं की थवा उघड्यावर पडतो. पिल्लं सुटी होईपर्यंतचे थोडे आठवडे, ही एकच जात, आणि तेही थवा दिसला तरच : ढिवराकडून मागायचं ते एवढंच, आणि तो लालसर थवा कुठे दिसतो हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.