गुलबक्षीचा रंग यीस्टच्या पोटात!

दोस्तांनो, बीटाची कोशिंबीर खाल्ल्यावर आरशात जीभ बघितली आहे कधी? लालचुटुक! पण एवढा भडक दिसणारा हा रंग किलोभर बीटात असतो किती? जेमतेम एक-दोन ग्रॅम. बाकी सगळं पाणी, साखर आणि चोथा. त्या चिमूटभर रंगासाठी शेत अडवायचं, दोन-तीन महिने वाट बघायची.

मग टाकीतच रंग पिकवला तर? शास्त्रज्ञांनी हे काम सोपवलं यीस्टवर. हो, तेच, पाव फुगवणारं! यीस्टच्या दोनशे पेशी रांगेत उभ्या केल्या तर कुठे एक मिलिमीटर भरेल. पण साखर खाऊन ही पेशी स्वतःला लागणारी शेकडो रसायनं बनवते. त्यातलंच एक टायरोसीन. गंमत म्हणजे बीटसुद्धा आपला रंग टायरोसीनपासूनच बनवतं. म्हणजे कच्चा माल घरात आहे, नाहीत ते फक्त कारागीर. हे कारागीर म्हणजे एन्झाइम, आणि ते घडवायची कृती असते जनुकात.

२०१५ साली अमेरिकेत, बर्कलीच्या विद्यापीठात जॉन ड्युबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टला दोन जनुकं दिली. एक बीटाचं आणि दुसरं... ओळखा पाहू? गुलबक्षीचं! संध्याकाळी अंगणात फुलते तीच. बीटाचं एन्झाइम टायरोसीनपासून एल-डोपा करतं, गुलबक्षीचं एन्झाइम त्याला पुढे नेतं आणि यीस्ट होतं पिवळंधमक.

पण बीटाचं एन्झाइम जरा आगाऊ. एल-डोपावर थांबेचना! ते आणखी एक पायरी पुढे गेलं, की रंग व्हायचा जांभळा. शास्त्रज्ञांना तर एल-डोपाच हवं होतं. मग त्यांनी त्या जनुकात मुद्दाम वेडेवाकडे बदल केले आणि बशीत वाढलेल्या यीस्टच्या ठिपक्यांतून सगळ्यांत पिवळे तेवढे उचलले. रंगच चहाडी करत होता म्हणा ना!

एल-डोपा कशाला हवं होतं? कारण मॉर्फिनसारख्या वेदनाशामक औषधांकडे जाणारी वाट तिथूनच फुटते. आता तुम्ही म्हणाल, मॉर्फिन तर नशेसाठीही वापरतात! बरोबर. म्हणूनच, असं यीस्ट चुकीच्या हाती पडण्याआधी नियम करा, असा इशारा काही तज्ज्ञांनी त्याच वर्षी दिला.

आणि बीटाचा लाल रंग? तोही जमला. २०२३ साली डेन्मार्कच्या शास्त्रज्ञांनी यारोविया नावाच्या दुसऱ्या एका यीस्टकडून ५१ तासांत लिटरमागे सुमारे सव्वा ग्रॅम रंग काढला. ग्लुकोज खायला घालून, बरं का!

मात्र या रंगाची एक खोड आहे. आईला मदतीला घेऊन बीट बराच वेळ उकळून बघा. लालभडक पाणी हळूहळू तपकिरी होत जाईल. टाकीतल्या रंगाचंही तेच होणार, कारण यीस्टने केलेला तो रंग अगदी बीटातलाच असतो.