नोकराच्या डोक्यातले भांडवल

कापड दुकानदाराला त्याचे भांडवल किती, असे विचारले तर तो रॅकवरचा माल, बाजारातली उधारी आणि बँकेतली शिल्लक यांची बेरीज करून आकडा सांगेल. मीही तसाच सांगत होतो. परंतु एक भांडवल असे असते की जे कोणत्याही वहीत चढत नाही आणि दुकानातून निघून गेल्यावरच मालकाला त्याची किंमत कळते. ते म्हणजे आपल्याकडे काम करणाऱ्या माणसांचा तजुर्बा आणि त्यांना सुचणाऱ्या गोष्टी. मोठ्या कंपन्यांत यालाच ज्ञान-व्यवस्थापन असे भारी नाव देतात व त्यासाठी वेगळे अधिकारी नेमतात. नाव भारी असले तरी गोष्ट बोरी अरबच्या दुकानालाही तितकीच लागू आहे.

आमच्या दुकानात एक सेल्समन अठरा वर्षे होता. कोणत्या खेड्यात लग्नाला कोणत्या काठाचे पातळ चालते, कोणते घर कापूस विकला की लगेच उधारी चुकती करते आणि कोणते तूर निघेपर्यंत थांबवते, हे सारे त्याला तोंडपाठ होते. एका वर्षी पोळ्याच्या खरेदीआधी तो म्हणाला, "सेठ, शर्टपीस कमी भरा. पोरं आता शिवून घेत नाहीत, रेडिमेडच मागतात." दुकानात गिऱ्हाईक बसलेले होते. मी म्हणालो, "दुकान तुझे की माझे?"

ते शर्टपीस दोन दिवाळ्या रॅकवर राहिले आणि शेवटी कटपीसच्या भावात काढावे लागले. पण तो तोटा लहान होता. त्या दिवसानंतर हा माणूस सांगितलेले काम चोख करीत राहिला, स्वतःहून सांगणे मात्र त्याने बंद केले. दोन वर्षांनी काम सोडून तो गावी शेतीवर गेला. त्या लग्नसराईत मी आणि नवा मुलगा पातळांच्या घड्यांवर घड्या उलगडत होतो आणि गिऱ्हाईक 'नंतर येतो' म्हणून उठत होते.

आपण दुकानाच्या परवान्याला गुमास्ता लायसन म्हणतो. गुमाश्ता हा फारसी शब्द. त्याचा अर्थ नेमलेला, मालकाच्या वतीने काम पाहणारा. शब्दातच भरवसा आहे. आपण तो भिंतीवर टांगतो आणि माणसाला हमालासारखे वागवतो.

आपल्याच धंद्यातले व आपल्याच विदर्भातले मोठे उदाहरण नागपूरच्या एम्प्रेस मिलचे आहे. जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. कारभार सोपवला तो बेझनजी मेहता यांच्यावर. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतुकीच्या कामातून आलेले, गिरणीचे शिक्षण नसलेले. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी नावाचे इंग्रज तंत्रज्ञ पाहत. त्या काळी लँकेशायरमध्ये सूत काततात ते 'म्यूल' यंत्रावर, असेच चालत आले होते. म्यूल आधी धागा ओढून पीळ देते, मग थांबून गुंडाळते. अमेरिकेत निघालेल्या 'रिंग' यंत्रात पीळ देणे आणि गुंडाळणे एकाच वेळी, न थांबता होते. लँकेशायरचे जाणकार या यंत्राकडे संशयाने पाहत होते. जमशेटजींनी त्यांचे मत शेवटचे मानले नाही, आणि एकदम सगळी गिरणीही बदलली नाही. १८८३ च्या सुमारास थोडी रिंग यंत्रे आणून ब्रुक्सबींच्या हाताखाली चालवून पाहिली, उत्पादन वाढते हे डोळ्यांनी पाहिले, आणि मगच पुढे पाऊल टाकले. नवी कल्पना पारखण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही. नुकसान झालेच असते तर थोड्या यंत्रांचे झाले असते.

याच गिरणीत १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास सुरुवात झाली. या गोष्टी दानधर्म म्हणून सांगितल्या जातात, पण त्यांचा संबंध आपल्या विषयाशी आहे. ज्याला उद्याची धास्ती आहे तो मालकाला चूक दाखवणार नाही. आणि एखाद्याच्या सूचनेमुळे दोघांचे काम एकजण करू लागला व मालकाने दुसऱ्याला घरी पाठवले, तर त्या दुकानात पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. ही गिरणी २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे. यंत्रे भंगारात विकता येतात. बोटांच्या स्पर्शाने सुताचा पीळ ओळखणारी माणसे घरी गेली की ते हुनर कोणत्याही लिलावात मिळत नाही.

नोकरांच्या सूचनांची शिस्तीत पद्धत बसवण्यात जपानी लोकांचा हात कोणी धरत नाही, आणि त्यातले सर्वांत प्रसिद्ध घराणे मुळात माग बनवणारे आहे. साकिची टोयोडा हे सुताराचे चिरंजीव. धागा तुटताच आपोआप थांबणारा माग त्यांनी १९२४ मध्ये पूर्णत्वास नेला. त्यामुळे खराब कापड पुढे विणले जाईना. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क विकत घेतले. पुढे याच घराण्याने टोयोटा मोटार कंपनी काढली. १९५० मध्ये एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहायला गेले. तिथली कामगारांकडून सूचना घेण्याची रीत त्यांनी उचलली आणि १९५१ मध्ये आपल्याकडे सुरू केली. काही बिघाड दिसला तर साधा कामगारही दोरी ओढून सगळे काम थांबवू शकतो, ही टोयोटाची प्रथा त्या मागाचीच पुढची पायरी समजा. आपल्याकडे गिऱ्हाइकासमोर चूक दाखवणाऱ्याला काय ऐकावे लागते ते मी वर लिहिलेच आहे.

आता नावाची गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यात दादाजी खोब्रागडे नावाचे दीड एकराचे शेतकरी होते. शाळा तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये धानाच्या शेतात काही लोंब्या त्यांना वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे पेरून निवडल्या आणि बारीक तांदळाचा नवा वाण तयार झाला. तेव्हा चलतीत असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी नाव पडले. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसृत केला आणि श्रेय कोणाचे, यावर बराच वाद झाला. दादाजींचे निधन जून २०१८ मध्ये झाले. विदर्भात एचएमटी तांदूळ घरोघरी शिजतो. खाणाऱ्यांपैकी किती जणांना त्यांचे नाव माहीत आहे, हे आपापल्या घरी विचारून पाहावे.

म्हणून आमच्या दुकानात आता सूचना लिहिताना ती देणाऱ्याचे नाव आणि तारीख आधी लिहितो. सूचनापेटी मी ठेवली नाही. कुलूपबंद पेटीत चिठ्ठी टाकणे म्हणजे विहिरीत दगड टाकणे, आणि आपल्याकडचे अर्धे लोक लिहायला संकोचतात. त्याऐवजी आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी शटर अर्धे ओढून दहा मिनिटे सर्वांसोबत चहा होतो. मी विचारतो, दुसरे बोलतात. आठ दिवसांत हो किंवा नाही सांगायचे, आणि नाही असेल तर कारणही सांगायचे. प्रत्येक सूचना चांगली असते असे नव्हे. उधारी अजिबात बंद करा, ही सूचना मी मानली नाही. ज्या गावाचा पैसा कापूस-सोयाबीनवर फिरतो तिथे ते जमणार नाही.

सर्वांत कामाची सूचना दिली ती झाडझूड करणाऱ्या मुलाने. गिऱ्हाइकाने मागितले आणि आपल्याकडे निघाले नाही, त्याची वही ठेवा. विक्रीची वही प्रत्येकाकडे असते, हुकलेल्या विक्रीची कोणाकडे नसते. पहिल्याच महिन्यात त्या वहीत सर्वांत जास्त वेळा आले ते मोठ्या मापाचे तयार ब्लाउज. मी ते आजवर कधी भरलेच नव्हते.

जुन्या सेल्समनकडे गेल्या पोळ्यानंतर मी स्वतः गेलो. त्या दिवशीच्या शब्दांची माफी मागितली. त्याने चहा पाजला आणि एकेका खेड्याचे सांगत गेला, काठ, रंग, घरे, उधारीची रीत. मी वहीत उतरवत गेलो. माझी शाळा उर्दूची, त्यामुळे मराठी लिहिताना हात हळू चालतो, तो मध्ये मध्ये थांबत होता. संध्याकाळपर्यंत अकरा खेडी झाली. बाकीची पुढच्या वेळी सांगतो म्हणाला.