ओढणीतला फोटो आणि त्यानंतरचं काम

रमजानमध्ये टोपी घालून इफ्तारला बसलेले नेते आपण दरवर्षी पाहतो. फोटो निघतात, खजूर खाल्ला जातो, मग पुढच्या रमजानपर्यंत गाठ नाही. त्यामुळे एखादा नेता आपल्या दुःखात डोळे पुसतो तेव्हा आपल्याला बरंही वाटतं आणि शंकाही येते. ओळखायचं कसं?

न्यूझीलंडचं उदाहरण घेऊ. १५ मार्च २०१९, जुम्म्याचा दिवस. क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत एका बंदूकधाऱ्याने केलेल्या गोळीबारात ५१ जण शहीद झाले. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न डोक्यावर काळी ओढणी घेऊन तिथल्या मुस्लिमांना भेटल्या. संसदेतलं भाषण त्यांनी ‘अस्सलामु अलैकुम’ म्हणून सुरू केलं आणि हल्लेखोराचं नाव कधीच घेणार नाही असं सांगितलं. पुढच्या जुम्म्याची अजान देशभर रेडिओ-टीव्हीवरून ऐकवली गेली.

याने विश्वास का बसतो? वर्गात रडणाऱ्या मुलाशेजारी शिक्षक नुसता बसला तरी मूल शांत होतं, कारण मागाहून सांगतं. मोठ्यांचंही तसंच, आधी चेहरा वाचतात, जाहीरनामा नंतर. नेत्यांना हे चांगलं ठाऊक असतं, म्हणून याचा वापरही होतो. आर्डर्न यांनाही राजकीय फायदा झालाच असेल. त्याला आमची हरकत नाही.

पण त्या ओढणीपाशी थांबल्या नाहीत. दफनविधीचा खर्च सरकारने उचलला. हल्ल्यात वापरली तशा बंदुकांवर बंदी घालणारा कायदा महिन्याच्या आत, १० एप्रिलला संसदेत ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. बंदूकवाल्यांची नाराजी ओढवून घेतली, हे महत्त्वाचं.

आणखी एक गोष्ट. त्यांनी आपल्याच सरकारी यंत्रणांची चौकशी लावली. तिथल्या मुस्लिम महिलांच्या संघटनेने वाढत्या द्वेषाबद्दल अधिकाऱ्यांना हल्ल्याआधीच सावध केलं होतं. चौकशी आयोगाचा अहवाल डिसेंबर २०२० मध्ये आला. गुप्तचर यंत्रणांचं लक्ष इस्लामच्या नावाने होणाऱ्या दहशतवादावर गरजेपेक्षा जास्त होतं आणि हल्लेखोराला बंदुकीचा परवाना देताना पोलिसांनी नीट तपासणी केली नव्हती, असं त्यात निघालं. आर्डर्न यांनी सरकारतर्फे माफी मागितली.

ओढणीतला तो फोटो आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कितीदा फिरला. या माफीची बातमी मात्र एकदाही आली नाही.