डोलकाठीच्या ताणतारा
डोलकाठीच्या ताणतारा : शिडाच्या नौकेची डोलकाठी उभी धरून ठेवणाऱ्या, कायम बांधलेल्या तारांचा संच. शीड चढविणे, उतरविणे व वाऱ्यानुसार फिरविणे यांसाठी लागणारे दोर सतत हातात खेळतात, त्यामुळे त्यांची झीज लगेच दिसते. ताणतारा एकदा बसविल्या की वर्षानुवर्षे जागच्या हलत नाहीत व म्हणूनच दुर्लक्षिल्या जातात. जुनी छोटी नौका घेणाऱ्याने शिडांच्या आधी त्यांचा विचार करणे इष्ट ठरते. कारण त्यांपैकी एक तार तुटली, तरी डोलकाठी नौकेतील माणसांवर कोसळू शकते.

वसई तालुक्यातील निर्मळच्या पश्चिमेस कळंब व उत्तरेस अर्नाळा येथील किनाऱ्यांवर पूर्वी चालणाऱ्या शिडाच्या मच्छीमारी नौकांना अशा स्थिर तारा नसत. या नौकांची डोलकाठी पुढे झुकलेली असे व शीड एका लांब तिरप्या काठीला बांधलेले असे. दिशा बदलताना ही काठी डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूस न्यावी लागे. कायमचे ताण तिच्या आड आले असते. म्हणून आधाराचे दोर केवळ वाऱ्याकडील बाजूस बांधीत व बाजू बदलली की तेही बदलीत. शीड चढविण्याचा जाड दोर मागे बांधला, म्हणजे तोच पाठीमागचा ताण होई. दोर रोज सुटे व रोज बांधला जाई, त्यामुळे त्याची परीक्षा आपोआप होत असे. स्थिर ताणतारांची पद्धत या किनाऱ्यावर मुख्यतः यूरोपीय धर्तीच्या क्रीडानौकांबरोबर आली. मुंबईत अशा नौकांचा ‘रॉयल बॉम्बे यॉट क्लब’ १८४६ मध्ये स्थापन झाला.

मुंबईत सागवानी लाकडात बांधलेल्या सुहैली या सु. ९·८ मी. लांबीच्या, दोन डोलकाठ्यांच्या नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. तिच्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेली थुरिया ही नौका अभिलाष टॉमी यांनी २०१८ च्या शर्यतीत नेली. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ती उलथून डोलकाठी मोडली व त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. तेथे वादळच कारण होते, तारांचे वय नव्हे. परंतु डोलकाठी गेल्यावर काय उरते, हे त्या प्रसंगाने दाखविले.

छोट्या नौकेवर सामान्यतः पुढचा एक, मागचा एक व दोन्ही बाजूंस एक वा दोन जोड्या ताण असतात. तार बहुधा अगंज (स्टेनलेस) पोलादाच्या १९ धाग्यांची असते : मध्ये एक, भोवती सहा व बाहेर बारा. ती फारशी ताणली जात नाही, पण वाकविलेलीही सोसत नाही. तिच्यावरील भार मोजता येतो. नौका ३०° कलली असता तिला सरळ करू पाहणारे परिबल ४५० किग्रॅ.-मी. आणि बाजूची पट्टी डोलकाठीपासून ०·९ मी. दूर असेल, तर त्या बाजूच्या तारांवर सु. ५०० किग्रॅ. भार येतो. तिप्पट सुरक्षितता धरल्यास १,५०० किग्रॅ. होतात, ५ मिमी. व्यासाची तार सु. दोन टनांना तुटते, म्हणून ती पुरते. अधिक जाड तार घेण्याचा मोह टाळावा. उंचावरील वजन वाढून नौकेची स्थिरता घटते व जुन्या खिळींत नवी टोके बसत नाहीत.

चकाकणारी तार ती चांगली तार, हा समज घातक आहे. अगंज पोलाद क्रोमियमाच्या ऑक्साइडाच्या पातळ थरामुळे गंजत नाही व त्या थराला ऑक्सिजन लागतो. दाबून बसविलेल्या टोकाच्या आत खारे पाणी साचले की तेथे ऑक्सिजन पोचत नाही आणि क्लोराइडामुळे फटीत गंज सुरू होतो. त्यात वाऱ्याने होणाऱ्या कंपनांमुळे धातू थकतो. म्हणून तार मधे क्वचितच, पण टोकाच्या तोंडाशी वारंवार तुटते. तेथील तपकिरी ओघळ, टोकावरील बारीक उभी चीर किंवा एखादा तुटका धागा दिसल्यास तार बाद समजावी. कापडाने पुसताना धागा अडकला, तरी तोच निर्णय. दहा ते पंधरा वर्षांनी सर्व तारा बदलाव्यात, असा संकेत आहे. उष्ण व खाऱ्या हवेत अलीकडचीच मर्यादा मानणे शहाणपणाचे.

बदलाचे काम पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर असताना करणे सोयीचे असते. डोलकाठी उतरविणे शक्य असेल, तर उतरवावीच. तिच्या वरच्या टोकाची तपासणी उभ्या स्थितीत नीट होत नाही. धातूची डोलकाठी उतरविताना वर विजेच्या तारा नाहीत, हे आधी पाहावे. ती उभीच ठेवावयाची असल्यास प्रत्येक तारेऐवजी प्रथम न ताणणारा मजबूत दोर बांधून एका वेळी एकच तार सोडावी. लांबी खिळीच्या केंद्रापासून खिळीच्या केंद्रापर्यंत, तार ताणलेली असताना मोजतात व टर्नबकलचे आटे किती उरले आहेत, हे लिहून ठेवतात. जुन्या लाकडी नौकेचा सांगाडा दबलेला असतो. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लांब्या सारख्या असतीलच असे नाही. नवी तार मधल्या आट्यांवर बसेल अशा लांबीची घ्यावी.

काम येथे बहुधा अपुरे राहते. तार नवी आणि तिला धरणारी चेनप्लेट जुनी, अशी स्थिती अनेक नौकांवर आढळते. ही पट्टी डेकमधून जाते तेथेच पाणी झिरपते आणि आतला धातू व लाकूड दोन्ही कुजतात. ती काढून पाहिल्याशिवाय काही कळत नाही. ॲल्युमिनियमाच्या डोलकाठीवर पोलादी भाग बसविताना मध्ये विद्युत्‌रोधक लेप लावतात, अन्यथा खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झपाट्याने झिजते.

तारा बसविल्यावर प्रथम डोलकाठी सरळ करून मग दोन्ही बाजूंचा ताण थोडाथोडा, आळीपाळीने वाढवितात. मध्यम वाऱ्यात १५° ते २०° कललेल्या नौकेची वाऱ्याआडची तार सैल होऊन लोंबकळू नये. दोन-तीन फेऱ्यांनंतर ताण पुन्हा पाहून टर्नबकल फिरू नयेत म्हणून त्यांत कॉटर पिना घालतात व त्यांची टोके शीड फाटू नये यासाठी फितीने झाकतात. जुन्या तारांपैकी निर्दोष असलेली सर्वांत लांब तार काही क्लिपांसह नौकेत ठेवल्यास अडचणीच्या वेळी तात्पुरता ताण म्हणून उपयोगी पडते.